बाईंना विचारा : पळतं श्रुतलेखन आणि वहीतला प्रश्न

पत्र (थोडं कापून)

बाई, मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेथड, म्हणजे शिकवायला घेतलेले विषय, इंग्रजी आणि इतिहास. गाव लातूर जिल्ह्यात. डिसेंबरात हैदराबादला इंग्रजी शिक्षकांची तीन दिवसांची परिषद होती, आमच्या कॉलेजातून मी एकटीच गेले. सवलतीत दीड हजार फी, गाडीभाडं वेगळं. आईनं भिशीतले पैसे काढून दिले. पहिल्या दिवशी मोठ्या हॉलमधलं निम्मं डोक्यावरून गेलं. सगळे फाडफाड इंग्रजी बोलत होते. जेवताना एका मॅडमनी ‘कुठलं कॉलेज?’ विचारलं, मी एक वाक्य बोलले, पुढे शब्दच सुचेना. ताट घेऊन दुसरीकडे गेले.

वहीत एक प्रश्न लिहून नेला होता. माझ्या इंटर्नशिपच्या वर्गात बंजारा तांड्यावरची ११ मुलं आहेत, घरी गोरमाटी ही बंजारा भाषा बोलतात. इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत सांगितला तर काहींना तो मराठी शब्दही कळत नाही. मग मी इंग्रजी कोणत्या भाषेतून समजावू? तिन्ही दिवस हात वर केला नाही.

‘रनिंग डिक्टेशन’चं, म्हणजे पळत्या श्रुतलेखनाचं, वर्कशॉप मात्र फार आवडलं. परत आल्यावर सातवीवर (पट ५२) घेतलं आणि फजिती झाली. एवढा गोंधळ की शेजारच्या वर्गावरचे सर आले, मग मुख्याध्यापक आले. मार्गदर्शकांनी शेरा दिला, ‘वर्गनियंत्रणाचा अभाव’. वर्कशॉप घेणाऱ्या मॅडम चूक की मी? मैत्रिणी म्हणतात पैसे पाण्यात गेले. तिथं ओळख झालेल्या एकाचा मेसेज आलाय, दोन हजार भरा, आठ दिवसांत तुमचा पेपर आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये. भरू का? की इंग्रजीचा नाद सोडून इतिहासच धरू?

– एक छात्राध्यापिका

उत्तर

पोरी,

दोन हजारांचं आधी मिटवू. भरू नकोस.

चांगल्या जर्नलात लेख आला की त्या विषयातले दोघं-तिघं तो वाचतात, शेरे मारतात, परत पाठवतात. त्यात महिने जातात. आठ दिवसांत होते ती छपाई, आणि ती तुमच्या गावातला लग्नपत्रिकावालाही करून देईल. ‘आयएसएसएन आहे’ असं तो सांगेल. तो नियतकालिकाचा नुसता नोंदणी क्रमांक. नंबरप्लेट बघून इंजिन कसं आहे ते कळतं का?

हा बाजार उभा राहिला त्याचं एक मोठं कारण कॉलेजच्या प्राध्यापकांच्या बढतीत आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१०च्या नियमांत शोधनिबंधांना आणि परिषदांना गुण आले आणि गुणांमागे दुकानं आली. मग बोगस जर्नलं गाळायला यूजीसीनं २०१९ मध्ये केअर नावाची यादी लागू केली, २०२५ मध्ये ती यादीही बंद केली. ही सगळी धावपळ त्यांची. तुला जायचंय शाळेत. तुझी वाट टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून जाते, आणि त्या चाचणीच्या २०० गुणांत परिषदेच्या प्रमाणपत्राला अर्धासुद्धा गुण नाही. मुलाखत घेऊन निवड करणाऱ्या संस्था मात्र शिकवून दाखवायला सांगतात. तिथं काय दाखवशील, ते पुढे येतंच आहे.

आता तुझ्या वहीतल्या प्रश्नाकडे येते. तू तो पत्रात मध्येच कुठेतरी कोंबलायस, जसा परिषदेत वहीत ठेवलास. माझ्या मते त्या तीन दिवसांत हैदराबादेत त्याच्याइतका चांगला प्रश्न फार जणांच्या खिशात नसेल.

का, ते सांगते. १९६१ साली युगांडात मकेरेरे इथं इंग्रजी शिकवण्यावर राष्ट्रकुल देशांची एक परिषद भरली होती. मोठमोठी माणसं जमली होती. तिथल्या विचारांचा सूर असा, की इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं, आदर्श शिक्षक म्हणजे ज्याची ती मायबोली आहे तो, जितकं लवकर सुरू करू आणि जितके जास्त तास देऊ तितकं बरं, आणि वर्गात दुसऱ्या भाषा फार वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो. पुढे १९९२ मध्ये रॉबर्ट फिलिपसन यांनी या पाचही समजुतींना भ्रम म्हणून नावं दिली आणि एकेक करून सोलून काढल्या. पण मधल्या तीस वर्षांत त्यांचं पाणी सगळीकडे झिरपलं होतं. माझ्या बी.एड.च्या वेळी पाठात एक मराठी शब्द निघाला तर निरीक्षक लाल पेनानं गोल करायचे. माझ्या एका पाठाला असे नऊ गोल होते. ती वही अजून माळ्यावर आहे.

म्हणजे परिषदेत मोठ्या माणसांकडूनही कच्चं बाहेर पडतं. आणि ते कच्चं आहे हे कुणाला आधी कळणार? ज्याच्यासमोर अकरा गोरमाटी मुलं बसली आहेत त्याला. आजकाल ‘मुलांची भाषा वर्गात येऊ द्या’ असं सगळेच म्हणतात. पण बहुतेकांच्या मनात मुलाची भाषा म्हणजे राज्याची भाषा असते, इकडे मराठी, तिकडे तेलुगू. तुझ्या वर्गात ती मधली पायरीच निसटलेली आहे.

उत्तर माझ्याकडे अर्धंमुर्धं आहे, ते देते. फळ्यावर दोनऐवजी तीन रकाने कर, इंग्रजी, मराठी, गोरमाटी. तिसरा रकाना तू भरायचा नाहीस, तुला येत नाही. तो त्या अकरांपैकी कुणीतरी येऊन देवनागरीत भरेल. मदर, आई, याडी. एवढा एक शब्द मला येतो, कारण माझ्या वर्गातल्या एका पोरानं तो मला शिकवला आणि आठवडाभर माझा उच्चार सुधारत बसला. ज्या पोराला इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसायची सवय होती, तो खडू घेऊन उभा राहिला. अर्थ समजावताना त्या मुलांना आपसात गोरमाटीत बोलू दे. तुला कळलं नाही तरी चालेल. कळल्याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडून चित्र काढून घे, वस्तू दाखवून घे, कृती करून घे. अमूर्त शब्दांचं काय करायचं, तिथं मीही अडते. म्हणून तर म्हणते, तो प्रश्न विचारायला हवा होता.

कसा विचारायचा, तेही सांगते. कागदावर लिहायचा आणि कागद बघून वाचायचा. त्यात कमीपणा काही नाही, हॉलमधले अर्धे लोक स्लाइड बघूनच बोलत असतात. ‘सर, माय स्टुडंट्स स्पीक गोरमाटी ॲट होम अँड मराठी इन स्कूल. इंग्लिश इज देअर थर्ड लँग्वेज. इन विच लँग्वेज शुड आय एक्स्प्लेन?’ झालं. एवढ्यात वक्त्याच्या भुवया वर जातात. हॉलमध्ये हिंमत झाली नाही तर चहाच्या रांगेत गाठायचं. वक्त्यांनाही चहा लागतो. तेही जमलं नाही तर चिठ्ठी द्यायची. आणि मोठा हॉल सोडून छोट्या खोल्यांत बसत जा. कार्यक्रमपत्रिकेत नावापुढे कॉलेजऐवजी शाळा दिसली की तिथं शिरायचं.

आता तुझी फजिती. ज्या वाचकांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी : भिंतीवर उतारा चिकटवायचा. जोडीतला एक धावत जाऊन वाक्य वाचतो, डोक्यात धरून परत येतो आणि सांगतो, दुसरा ऐकून लिहितो. वाचणं, लक्षात ठेवणं, बोलणं, ऐकणं, लिहिणं सगळं एका खेळात.

वर्कशॉपमध्ये तुम्ही किती होतात? तीसेक असाल. एसी, हलवता येणाऱ्या खुर्च्या, आणि सगळी मोठी माणसं, म्हणजे धावायला सांगितलं तरी चालणारी. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक होते. त्यांनी ढाक्याला शिक्षक प्रशिक्षणात बरीच वर्षं काढली आणि १९६० मध्ये अवघड परिस्थितीत इंग्रजी कसं शिकवावं यावर पुस्तक लिहिलं. अवघड परिस्थिती म्हणजे काय, हे त्यांनी साधारण असं सांगितलं : तीसच्या वर, बहुधा चाळीस-पन्नास मुलं, बाकांवर दाटीवाटीनं बसलेली, सगळ्यांची तयारी वेगवेगळी, शिक्षकाचंही इंग्रजी कदाचित बेताचं, आणि हवा गरम. हे वाचून मला वाटलं, हा माणूस माझ्या वर्गात येऊन गेलाय. वर्ग वेगळा असेल तर खेळ वेगळा बसवावा लागतो. मॅडम चूक नाहीत आणि तूही नाहीस. तू तो घडीही न मोडता तसाच आणलास, एवढंच.

आता गणित मांड. ५२ मुलांच्या जोड्या केल्यास २६ मुलं एकाच वेळी पळणार. गोंधळ होईल नाही तर काय? पाचाचे आठ आणि सहाचे दोन असे दहा गट कर. एका वेळी दहाच मुलं उठतील. उताऱ्याच्या पाच प्रती काढ, मोठ्या अक्षरात, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि व्हरांड्यात दूरदूर लाव. एका कागदाशी दोघंच. प्रत्येक वाक्याला उठणारं मूल बदलायचं. उठणाऱ्यानं पेन्सिलीला हात लावायचा नाही, लिहिणाऱ्यानं जागा सोडायची नाही.

नावातलं ‘पळतं’ काढून टाक. पळणारा मागे जाईल आणि पुन्हा पहिल्यापासून येईल, असा नियम कर. आवाजाला मात्र नियम लावू नकोस, लालूच लाव : शेजारच्या गटाला ऐकू गेलं तर तुमचं वाक्य त्यांना फुकट मिळालं. बघ मग कशी कुजबुजतात. मी दामटून सांगितलेलं ‘सायलेन्स’ माझ्या उभ्या नोकरीत कुणी ऐकलं नाही, पण या लालचीपुढे आठवीचा वर्ग देवळात बसल्यासारखा झाला होता.

उतारा चार वाक्यांचा. पुस्तकातला घेतलास तर झालेल्या धड्यातला घे, किंवा स्वतः लिही. तुमच्याकडे विषयांना काय तोटा आहे? २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं होतं, तुझ्या सातवीतल्या मुलांच्या घरी ते सगळ्यांना आठवत असेल. ‘लातूर हॅड नो वॉटर. अ ट्रेन केम फ्रॉम मिरज. इट ब्रॉट वॉटर टू लातूर. पीपल वेटेड विथ पॉट्स.’ वाक्यात शब्द फार तर पाच, आणि मजकूर घरचा.

हे वाचणं-लिहिणं बारा-पंधरा मिनिटांत आटपायचं, कारण खरा पाठ त्यानंतर आहे. वर्कशॉपमध्ये सहसा तिथंच वेळ संपतो आणि टाळ्या वाजतात, त्यामुळे नव्या शिक्षकाला वाटतं की धावपळ हाच खेळ. मूळ उतारा फळ्यावर लिही आणि प्रत्येक गटाला आपली वही ताडून बघायला सांग. ‘वेटेड’चं कुठेतरी ‘वेट’ झालेलं असेल. ‘पॉट्स’मधला शेवटचा एस दहापैकी सहा गटांत सापडणार नाही. ‘ब्रॉट’ तर काय काय होऊन येईल सांगता येत नाही. मी मुलांना विचारायची, ‘वाटेत काय सांडलं?’ डोक्यावर हंडा घेऊन पाणी आणलेल्या पोरांना हा प्रश्न समजावावा लागत नाही. जे सांडलं ते का सांडलं, यावर जे बोलणं होतं तेच व्याकरण. ते बोलणं मराठीत होऊ दे, गोरमाटीत होऊ दे.

मार्गदर्शकांवर रागावू नकोस. त्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं, नियंत्रण नव्हतंच. शेरा खोडून मागायचा नाही, पुढच्या पाठाला त्यांनाच बोलवायचं. पाठ टाचणात गटरचना, प्रतींच्या जागा आणि मिनिटं स्पष्ट लिही, म्हणजे आवाज झाला तरी तो ठरवून झालेला आहे हे दिसेल. मुख्याध्यापकांच्या कानावर आदल्या दिवशी घाल. शेजारच्या सरांच्याही.

एन. एस. प्रभू हे नाव तुझ्या मेथडच्या पुस्तकात कदाचित असेल. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांच्या वर्गांत, व्याकरण न शिकवता कामं सोडवायला देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. आज जगभर ज्याला टास्कवर आधारलेलं अध्यापन म्हणतात, त्याच्या चर्चेत हा बेंगळुरूचा प्रयोग हटकून येतो. त्याच प्रभूंनी १९९० मध्ये एक लेख लिहिला, सर्वोत्तम पद्धत अशी काही नसतेच, का नसते, यावर. त्यांचं म्हणणं असं, की शिक्षकाला शिकणं कसं घडतं याची स्वतःची एक समज असते, आणि ती जिवंत आहे की यांत्रिक झालीय याला जास्त महत्त्व. तुझी जिवंत आहे. नसती तर परत आल्याबरोबर सातवीवर हा उद्योग कशाला केला असतास?

राहिलं इंग्रजी बोलण्याचं. इथं मी गोड बोलणार नाही. हॉलमधलं निम्मं डोक्यावरून गेलं, कारण सलग तासभर इंग्रजी ऐकायची तुझ्या कानांना सवय नाही. ती करावी लागेल. रोज वीस मिनिटं बातम्या ऐक, मोबाइलवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड कर, वर्गात लागणाऱ्या सूचना, उठा, गट करा, वही उघडा, शेजाऱ्याला दाखवा, अशा चाळीसेक सूचना इंग्रजीत तोंडात बसव. वर्गातलं इंग्रजी फार मोठं नसतं, पण ते अडखळता कामा नये. हे तुला करावंच लागेल, परिषदेला गेलीस तरी आणि नाही गेलीस तरी.

पण ताट उचलून दुसरीकडे जाणं, त्याची गोष्ट वेगळी. १९८६ साली मी पुण्यात अशाच एका परिषदेला गेले होते, नोकरीचं दुसरं वर्ष. उच्चार कसे शिकवावेत यावर एक सत्र होतं. मी धीर करून उभी राहिले आणि प्रश्नात ‘प्रोनाउन्सिएशन’ म्हणाले. उच्चारांच्या सत्रात उच्चार या शब्दाचाच उच्चार चुकवणारी मीच. मागून कुणीतरी हसलं. वक्ते वयस्क गृहस्थ होते. त्यांनी मला टोकलं नाही. प्रश्न चांगला आहे म्हणाले आणि उत्तर देताना ‘प्रनन्सिएशन’ हा शब्द तीनदा, सावकाश, बरोबर म्हणाले. खाली बसताना माझे कान तापले होते. मुलाची चूक कशी दुरुस्त करायची, हे मी त्या दिवशी शिकले. त्याला ‘रीकास्ट’ म्हणतात हे कितीतरी वर्षांनी कळलं. हसणारा कोण होता, मला आजही माहीत नाही. त्या मॅडमनी तुला कॉलेज विचारलं ते बोलायला विषय हवा म्हणून. त्याही एकट्याच आल्या असतील.

इतिहासाचं म्हणशील, तर दोन्ही मेथड नीट कर. सोडून सुटणारं नाही हे. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि खेड्यातल्या शाळेत कुठला तास कुणाच्या गळ्यात पडेल हे मुख्याध्यापक वेळापत्रक करताना ठरवतात, तुमच्या मेथडकडे बघून नव्हे. इतिहासाच्या बाईंना सहावीचं इंग्रजी आणि इंग्रजीच्या सरांना पी.टी., हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिलंय.

पुढच्या परिषदेसाठी हैदराबाद गाठायची गरज नाही. इंग्रजी शिक्षकांच्या संघटना आहेत, चेन्नईची एल्टाय १९६९ पासून आहे आणि तिच्या गावोगावी शाखा आहेत. पण तुझ्या शाळेच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दर महिन्याला शिक्षण परिषद होते ना? जिल्हा परिषदेचे सगळे गुरुजी तिथं येतात, सतरंजीवर बसतात, मराठीत बोलतात, आणि बहुतेकांच्या वर्गात दाटीचे बाक आहेत. केंद्रप्रमुखांना विचार, दहा मिनिटं मिळतील का. फळ्यावर तीन रकाने आखून दाखव आणि तुझा प्रश्न तिथं विचार. तांड्यावरच्या शाळेत वीस वर्षं काढलेले एखादे गुरुजी तिथं बसलेले असू शकतात, आणि त्यांना आजवर कुणी काही विचारलेलं नसेल.

आईला सांग, भिशीचे पैसे कामी आले. अजून पुरते नाही, पण येतील.

चालतं श्रुतलेखन झालं की मला लिही. वाटेत काय काय सांडलं त्याची यादी पाठव, मुलांच्या अक्षरातली असेल तर फोटो काढून पाठव, चुका दुरुस्त न करता. आणि पाठाच्या आदल्या दिवशी शेजारच्या वर्गावरच्या सरांना चहा पाज. साखरेचा, गुळाचा नको.

– बाई